पाचशे जीबीचा शब्द आणि सात टीबीचा साठा: जळगावच्या एका खासगी क्लाउडमधलं थिन पूल भरण्याचं प्रकरण

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. जळगाव, धरणगाव, चोपडा, अमळनेर या पट्ट्यात कापसाची आवक जोरात असते आणि जिनिंगमध्ये रात्रपाळी चालू असते. रात्री २ वाजून १० मिनिटांनी एका जिनिंगच्या काटाघरातून फोन येतो: "भाऊ, काटा वजन दाखवतो, पण पावती निघत नाही. पडदा तिथंच थिजलाय." बाहेर कापूस भरलेले ट्रॅक्टर उभे आहेत. दहा मिनिटांत दुसऱ्या जिनिंगचा फोन येतो, मग एका डाळ मिलचा. तिसऱ्या जिनिंगचं मात्र सगळं सुरळीत चालू आहे, आणि तिचं मशीन त्याच सर्व्हरवर, त्याच डिस्कवर आहे.

या प्रकरणातली यंत्रणा नमुन्याची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पाच-पंचवीस ग्राहकांसाठी चालणारे लहान क्लाउड ज्या पद्धतीने बांधले जातात, तशीच ती मांडली आहे. हिशोब सहज पडताळता यावा म्हणून आकडे गोल धरले आहेत. साधनांचं वागणं, डिफॉल्ट किमती आणि आज्ञा मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

मांडणी

एक मुख्य सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (इथून पुढे 'मशीन') चालवणारी प्रणाली. १.९२ टीबीच्या आठ एसएसडी रेड-१० मध्ये, म्हणजे प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर राहील अशा मांडणीत. निम्मी जागा आरशात जाते आणि वापरायला ७.६८ टीबी उरते. डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि लिनक्स १०२४ च्या पटीत, त्यामुळे व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे या सगळ्या डिस्कची एकत्र जागा, ७,१५२ जीबीचा दिसतो. इथून पुढचे जीबी १०२४ च्या पटीतले आहेत. ग्रुपचं नाव 'तापी'. त्यात 'साठा' नावाचा ७,१०० जीबीचा थिन पूल (लागेल तशी जागा वाटणारा सामायिक साठा), २ जीबी मेटाडेटा (कोणती जागा कोणाची याची नोंदवही) आणि मेटाडेटा दुरुस्तीसाठी एलव्हीएमने, म्हणजे लिनक्समधल्या डिस्कच्या जागेच्या व्यवस्थापकाने, स्वतःहून राखलेले २ जीबी. पूलबाहेर मोकळे उरले ४८ जीबी. चंक २५६ केबीचा.

या पूलमधून चौतीस व्हॉल्यूम, म्हणजे मशीनना दिसणाऱ्या डिस्क, दिलेले आहेत. अकरा पतसंस्थांना प्रत्येकी ४००, नऊ जिनिंगना ५००, केळीच्या आठ व्यापाऱ्यांना ३००, चार डाळ मिलना ५००, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगला ८०० आणि बॅकअप गोळा करायला ४०० जीबी. बेरीज १४,५०० जीबी. म्हणजे साठ्याच्या २.०४ पट जागेचा शब्द दिलेला आहे.

दुप्पट ओव्हरकमिट ही चूक आहे, असं हे प्रकरण ऐकल्यावर पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. ते खरं नाही. ज्या ग्राहकाला आज ८० जीबी लागतात तो पाच वर्षांचा विचार करून ४०० मागतो, आणि ते रास्तच आहे. थिन व्हॉल्यूम त्याला ४०० जीबीचा आकार दाखवतो, पण प्रत्यक्ष जागा लिहिलं जाईल तशीच, चंक-चंक करून देतो. त्यामुळेच जळगावातला लहान पुरवठादार ग्राहकाला परवडेल असा दर देऊ शकतो. या मांडणीत २.०४ हा आकडा धोक्याचा नव्हताच. धोका तीन ठिकाणी होता: प्रत्यक्ष भरण्याचा वेग कोणी मोजत नव्हतं, पुसलेली जागा पूलकडे परत येत नव्हती, आणि पूल वाढवायला हाताशी फारसं काही उरलेलं नव्हतं.

त्या रात्री काय झालं

१ ऑक्टोबरला पूल ६९ टक्के भरलेला होता, म्हणजे ४,९०० जीबी. १८ नोव्हेंबरला तो १०० टक्के झाला. अठ्ठेचाळीस दिवसांत २,२०० जीबी, म्हणजे दिवसाला सुमारे ४६. उन्हाळ्यात हाच वेग दिवसाला १४ च्या आसपास होता.

साडेअकराला रोजचे बॅकअप सुरू झाले. एक वाजून चाळीस मिनिटांनी पूलमधला शेवटचा मोकळा चंक संपला. इथे डीएम-थिनचं, म्हणजे थिन पूल चालवणाऱ्या लिनक्सच्या भागाचं, वागणं बारकाईने समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

डेटाची जागा संपली की पूल लगेच एरर देत नाही. डिफॉल्टनुसार तो ६० सेकंद थांबतो आणि नव्या जागेची मागणी करणारं लेखन रांगेत धरून ठेवतो. तेवढ्यात कोणी पूल वाढवला तर रांग पुढे सरकते आणि आतल्या मशीनला फक्त एक आचका जाणवतो. ६० सेकंद उलटले की रांगेतल्या प्रत्येक लेखनाला 'जागा नाही' असं उत्तर जातं. प्रत्येक मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या क्यूएमयू या प्रोग्रॅमचं डिफॉल्ट असं आहे की, लिहिताना नेमकी हीच एरर आली तर ती आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला कळवायची नाही, मशीनच जागेवर थांबवायचं. प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावर अशा मशीनपुढे पिवळा त्रिकोण येतो आणि स्थिती 'आयओ-एरर' दिसते. एक वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पहिलं मशीन थांबलं. दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत तेरा थांबली.

उरलेली एकवीस चालू होती, कारण ती जुन्याच जागेवर लिहीत होती. एखाद्या चंकला आधी जागा मिळालेली असेल आणि तो कोणत्या स्नॅपशॉटसोबत (व्हॉल्यूमची एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) वाटून घेतलेला नसेल, तर पूल भरलेला असतानाही त्यावर पुन्हा लिहिता येतं. तिसऱ्या जिनिंगचा डेटाबेस त्या वेळी आधीपासून आखून ठेवलेल्या फाइलमध्येच नोंदी करत होता, म्हणून तिथे पावत्या निघत राहिल्या. रात्री दोनला फोन घेणारा माणूस या लक्षणाने हमखास चुकतो. 'काही चालू आहेत, काही बंद' असं दिसलं की तो नेटवर्क तपासायला लागतो, किंवा थांबलेली मशीन एकेक करून रीसेट करतो.

रीसेट करायचं नाही. अशा वेळी वाचवण्यासारखं जे काही असतं ते या एका गोष्टीवर अवलंबून असतं. थांबलेल्या मशीनची सगळी मेमरी जिवंत असते आणि अडकलेलं लेखन क्यूएमयूकडे तसंच धरलेलं असतं. जागा करून दिली आणि मशीन पुढे चालू केलं, की तेच लेखन पुन्हा केलं जातं आणि डेटाबेसला मधे काय झालं याचा पत्ताही लागत नाही. रीसेट केलं तर अर्धवट लेखन, तुटलेले व्यवहार आणि सकाळी पतसंस्थेत रोजकीर्द जुळत नाही म्हणून डोक्याला हात.

आतल्या मशीनमधून निगराणी मात्र सगळं हिरवं दाखवत होती. प्रत्येक ग्राहकाच्या डिस्कचा भराव आतून मोजला जात होता आणि तो सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास होता. आतून दिसणारी मोकळी जागा म्हणजे फाइल सिस्टीमचा स्वतःशी चाललेला हिशोब. खालच्या पूलमध्ये काय शिल्लक आहे हे तिला ठाऊकच नसतं. एकच धागा आतून हाती लागत होता: एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमध्ये ८३३ क्रमांकाचा संदेश, डिस्कच्या विनंतीला १५ सेकंदांहून जास्त लागले असा. तो त्या ६० सेकंदांच्या रांगेत पडला होता.

खरी स्थिती सर्व्हरवरची 'एलव्हीएस -ए' ही एक आज्ञा सांगते. पूलच्या ओळीत डेटा १००.००, मेटाडेटा ७८.४०, आणि गुणांच्या अक्षरांत नवव्या जागी 'डी'. हे 'डी' म्हणजे डेटाची जागा संपली. तिथे 'एम' असतं तर मेटाडेटा फक्त वाचण्यापुरता उरला असता, आणि ती रात्र वेगळीच गेली असती. डेटा संपला तर जागा वाढवून गाडी रुळावर येते. मेटाडेटा संपला तर पूल वाचनापुरता होतो, त्यावर तपासणीची खूण बसते, आणि सगळी मशीन बंद करून 'एलव्हीकन्व्हर्ट --रिपेअर' चालवल्याशिवाय तो परत लिहू देत नाही. म्हणून ७८ हा आकडाही तितक्याच गांभीर्याने घ्यायचा.

सुटकेचा क्रम

ग्रुपमध्ये मोकळे असलेले ४८ जीबी ही एकमेव शिदोरी. तेरा मशीनचे बॅकअप अर्ध्यावर अडकलेले आहेत. सगळे ४८ एकदम पूलला देऊन सगळी मशीन चालू केली, तर ते तेरा बॅकअप ही जागा काही मिनिटांत फस्त करतील आणि दुसऱ्यांदा वाढवायला काही राहणार नाही. त्यामुळे क्रम पाळावा लागतो.

आधी मेटाडेटाला १ जीबी: 'एलव्हीएक्सटेंड --पूलमेटाडेटासाइज +१जी तापी/साठा'. मग डेटाला फक्त २० जीबी. पूल वाढताच डीएम-थिन आपोआप लेखनाच्या स्थितीत परत येतो, वेगळं काही करावं लागत नाही. हाताशी अजून २७ च्या आसपास राहतात. मग सीसीटीव्हीचं आणि बॅकअप गोळा करणारं, अशी अखंड लिहिणारी दोन्ही मशीन थांबवायची. त्यानंतर थांबलेल्यांपैकी एकच मशीन 'क्यूएम रिझ्यूम' करायचं, त्याच क्षणी आत जाऊन बॅकअपचं काम रद्द करायचं, अर्धवट फाइल तशीच सोडायची, आणि 'एलव्हीएस' मधला डेटाचा आकडा स्थिर झालाय ना ते पाहूनच दुसरं घ्यायचं. रात्रपाळी चालू असलेली जिनिंग आधी, पतसंस्था नंतर. त्यांना सकाळी दहापर्यंत वेळ आहे. एका मशीनला चार-पाच मिनिटं धरली तर तेरा मशीनला तास-सव्वा तास लागतो. घाई करण्याचा मोह होतो, पण इथे घाईचा खर्च जागेत मोजावा लागतो.

अर्धवट फाइल लगेच पुसून उपयोग का नाही, ते पुढे कळेल.

मशीन चालू झाली की स्नॅपशॉट पुसायचे. ऑक्टोबरच्या शेवटी जिनिंगच्या सॉफ्टवेअरचा अपडेट होता. त्याआधी खबरदारी म्हणून नऊ स्नॅपशॉट घेतले गेले आणि तसेच राहून गेले, एकवीस दिवस. स्नॅपशॉट घेतल्या क्षणी त्याला जवळपास जागा लागत नाही, म्हणून तो फुकट वाटतो. पण त्यानंतर मूळ व्हॉल्यूमवर एखाद्या जुन्या चंकमध्ये बदल झाला की तो चंक दोघांत वाटलेला राहू शकत नाही आणि नवा चंक घ्यावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरचं पान ८ केबीचं, आपला चंक २५६ केबीचा. एक पान बदललं तरी नवे २५६ केबी जातात, म्हणजे बत्तीस पट. हंगामात डेटाबेसभर विखुरलेल्या नोंदी होत असतात, आणि विखुरलेल्या लेखनाला हे गुणोत्तर पुरेपूर लागू पडतं.

कोणता स्नॅपशॉट पुसल्यावर किती जागा सुटेल, हे 'एलव्हीएस' सांगत नाही. तिथला टक्का वाटून घेतलेले चंकही धरतो. त्यासाठी थिन-प्रोव्हिजनिंग-टूल्समधलं 'थिन_एलएस' वापरायचं. पूल चालू असताना आधी 'डीएमसेटअप मेसेज' ने 'रिझर्व्ह_मेटाडेटा_स्नॅप' पाठवायचं, मग '-एम' लावून 'थिन_एलएस' चालवून फक्त त्याच व्हॉल्यूमच्या मालकीच्या बाइट्सचा रकाना वाचायचा, आणि शेवटी 'रिलीज_मेटाडेटा_स्नॅप' न विसरता पाठवायचं. ते विसरलं तर मेटाडेटाची जुनी प्रत अडकून राहते आणि मेटाडेटाचा भराव वाढत जातो. इथे नऊ स्नॅपशॉट मिळून ६१० जीबी सुटले. पूल ७,१२० वरून ६,५१० वर आला आणि पहाट झाली.

पुसलेली जागा कुठे जाते

या प्रकरणाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक जिनिंग रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप आपल्याच डी ड्राइव्हवर घेते आणि सात दिवसांपूर्वीची फाइल पुसते. आतून पाहिलं तर सात फाइली, तेवढीच जागा, कायम स्थिर. पण फाइल पुसली म्हणजे फाइल सिस्टीमने आपल्या वहीत 'हे ब्लॉक मोकळे' एवढी नोंद केली. पूलला हे कोणी कळवलंच नाही. त्याच्या दृष्टीने ते चंक अजून त्याच ग्राहकाचे. दुसऱ्या दिवशीची फाइल त्याच जागेवर पडली असती तरी भागलं असतं. पण फाइल सिस्टीम मोठ्या फाइलसाठी सलग मोकळी जागा शोधते, आणि ५०० जीबीच्या व्हॉल्यूममध्ये अजून कधीच न शिवलेली सलग जागा भरपूर असते. रोजची फाइल अशीच पुढे पुढे सरकत राहते, आणि आतून २५ टक्के भरलेला व्हॉल्यूम पूलमध्ये ५०, ७०, ९० टक्क्यांवर जातो. विंडोजचं जुन्या पद्धतीचं डीफ्रॅगमेंटेशन चालू असेल तर त्यात आणखी भर, कारण ते डेटा उचलून नव्या जागी ठेवतं.

ही जागा परत मिळवायला डिस्कार्डची, म्हणजे 'ही जागा आता नको' असं कळवणारी, आज्ञा वरपासून खालपर्यंत पोचावी लागते: फाइल सिस्टीम, तिच्या खालचा एखादा एनक्रिप्शनचा थर, व्हर्च्युअल कंट्रोलर, क्यूएमयू आणि मग पूल. मधली एक कडी जरी तुटली तरी वरच्याला एरर दिसेलच असं नाही.

इथे तुटलेली कडी क्यूएमयूची होती. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिस्कार्ड' हा चौकोन असतो, तो मुळात रिकामा असतो, आणि चौतीसपैकी एकाही डिस्कला तो टिक केलेला नव्हता. दुरुस्ती अशी: कंट्रोलर व्हर्टआयओ एससीएसआय, डिस्कवर 'डिस्कार्ड' टिक, आणि विंडोज असेल तर 'एसएसडी इम्युलेशन' सुद्धा. मग मशीन पूर्ण बंद करून प्रॉक्समॉक्समधून चालू करायचं. आतून रीस्टार्ट केल्याने हा बदल लागू होत नाही, कारण क्यूएमयूची प्रक्रिया तीच राहते. 'टिक केलं, रीस्टार्टही केलं, तरी जागा सुटत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. साधा व्हर्टआयओ ब्लॉक कंट्रोलर असेल तर त्याला डिस्कार्ड यायला क्यूएमयू ४.० आणि आतला लिनक्स कर्नल ५.० किंवा त्यापुढचा लागतो. जुन्या गेस्टसाठी, म्हणजे मशीनच्या आतल्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी, एससीएसआयच बरा.

त्यानंतर ट्रिम, म्हणजे सगळ्या मोकळ्या जागेसाठी डिस्कार्ड पाठवणं: लिनक्समध्ये 'एफएसट्रिम -एव्ही', विंडोजमध्ये पॉवरशेलमधून 'ऑप्टिमाइझ-व्हॉल्यूम' ला '-रीट्रिम' लावून. एका वेळी एकच मशीन, आणि तेही काम कमी असताना. हजारो चंक सोडणं म्हणजे पूलच्या मेटाडेटामध्ये तेवढ्या नोंदी बदलणं, आणि चार मशीनवर एकदम चालवलं तर सगळ्यांचाच वेग पडतो. 'एफएसट्रिम' शेवटी जो आकडा छापतो तो 'इतकं मोकळं म्हणून कळवलं' असा असतो, 'इतकं पूलला मिळालं' असा नाही. सुटलेली जागा 'एलव्हीएस' वरच मोजायची. २५६ केबीच्या चंकमध्ये एक ४ केबीची जिवंत फाइल राहिली तरी तो चंक सुटत नाही. आणि स्नॅपशॉट अजून असेल तर मूळ व्हॉल्यूमवर कितीही ट्रिम करा, स्नॅपशॉटने धरलेले चंक तसेच राहतात. म्हणून स्नॅपशॉट आधी, ट्रिम नंतर. अर्धवट बॅकअप त्या रात्री तसाच सोडायला सांगितला तोही यामुळेच: डिस्कार्ड पोचत नसताना फाइल पुसून पूलला काहीच मिळालं नसतं.

एका पतसंस्थेच्या लिनक्स मशीनवर 'एफएसट्रिम' ने ही क्रियाच उपलब्ध नाही असं सांगितलं. तिथे डिस्क लक्सने एनक्रिप्ट केलेली होती, आणि लक्स डिस्कार्ड खाली जाऊ देत नाही. 'क्रिप्टटॅब' मध्ये 'डिस्कार्ड' हा पर्याय द्यावा लागतो. त्याची किंमत अशी की एनक्रिप्टेड डिस्कवर कोणते भाग रिकामे आहेत हे बाहेरून कळू शकतं. सभासदांच्या ठेवींची माहिती असलेल्या मशीनवर हा निर्णय तंत्रज्ञाने परस्पर घेऊ नये. संस्थेच्या व्यवस्थापकांना दोन्ही बाजू सांगून लेखी संमती घ्यावी.

पाच रात्रींत ट्रिमने २,०३० जीबी सुटले. पूल ४,४८० वर, म्हणजे ६३ टक्क्यांवर आला. त्यातले १,२०० सीसीटीव्ही आणि बॅकअपचे. उरलेल्या बत्तीस ग्राहकांचा खरा, जिवंत डेटा ३,२८० जीबी. पूल भरला त्या क्षणी त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग पुसलेल्या फाइलींचा आणि विसरलेल्या स्नॅपशॉटचा होता.

सीसीटीव्हीचा व्हॉल्यूम थिन पूलमध्ये ठेवण्यात कधीच फायदा नसतो. रेकॉर्डिंग जुनं पुसत, नवं लिहीत फिरत राहतं, आणि काही आठवड्यांत प्रत्येक चंक शिवला जाऊन व्हॉल्यूम कायमचा पूर्ण भरतो. बॅकअप गोळा करण्याच्या जागेचंही तसंच, शिवाय ज्या डिस्कवर मूळ डेटा आहे तिथेच बॅकअप ठेवणं मुळातच चुकीचं. ही दोन्ही साध्या हार्ड डिस्कच्या वेगळ्या जोडीवर हलवली. पूलमध्ये ३,२८० राहिले, म्हणजे ४६ टक्के. दिलेला शब्द १३,३०० जीबीचा, म्हणजे १.८७ पट.

इशारा किती टक्क्यांवर

ऐंशी टक्क्यांवर इशारा लावा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ऐंशीच का, हे विचारलं पाहिजे. उत्तर डिस्क यायला किती दिवस लागतात यात आहे.

सर्व्हरच्या दर्जाची एसएसडी जळगावच्या दुकानात शेल्फवर नसते. मुंबई-पुण्याकडून दर मागवणं, मंजुरी, माल येणं, बसवणं हे सगळं धरून या प्रकरणात बारा दिवस धरले आहेत. हंगामातला वेग दिवसाला ४६ जीबी. बारा दिवसांचे ५५२. अंदाज चुकेल म्हणून त्याची दुप्पट, १,१०४. एखाद्या रात्री कोणी मोठा डेटा आणून ओतला तर त्यासाठी ३००. बेरीज १,४०४ जीबी, म्हणजे ७,१२० च्या १९.७ टक्के. म्हणजे मागणी नोंदवण्याचा इशारा ८० टक्क्यांवर. आकडा तोच निघाला, पण आता तो या पूलचा, या गावचा आहे. पूल निम्मा असता तर याच हिशोबाने इशारा ६० वर यायला हवा होता.

ट्रिम सुरळीत झाल्यावर खरा वेग ४६ पेक्षा बराच खाली येतो, तरी हिशोब ४६ नेच करावा. दोन-तीन गेस्टमध्ये ट्रिमचं काम बंद पडलं की वेग पुन्हा तिथेच जातो आणि ते बंद पडल्याचं लगेच कळत नाही. उन्हाळ्याच्या वेगाने हिशोब केला तर इशारा ९१ टक्क्यांवर चालला असता; पण दोन हंगामांना दोन आकडे ठेवले की दिवाळीआधी बदलायचं राहून जातं. वर्षभर एकच, कडक आकडा ठेवणं बरं.

दर तासाला 'एलव्हीएस' चे डेटा आणि मेटाडेटाचे टक्के फाइलमध्ये नोंदवणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. त्यातून मागच्या सात दिवसांतली सर्वांत मोठी एका दिवसाची वाढ काढायची आणि शिल्लक जागेला तिने भागायचं. येणारा आकडा 'पूल भरायला उरलेले दिवस'. टक्क्यांपेक्षा हा आकडा व्यवस्थापकांना लवकर कळतो: "सोळा दिवस राहिलेत, डिस्कला बारा लागतात."

पूलचं आपोआप वाढणं हे वेगळं संरक्षण. 'एलव्हीएम.कॉन्फ' मध्ये 'थिन_पूल_ऑटोएक्सटेंड_थ्रेशोल्ड' मुळात १०० असतो आणि १०० म्हणजे बंद. नवा थिन व्हॉल्यूम बनवताना एलव्हीएम स्वतःच इशारा देतो की व्हॉल्यूमची बेरीज पूलच्या पुढे गेली आहे आणि भरण्यापासून संरक्षण चालू केलेलं नाही. बेरीज पुढे गेल्यावर प्रत्येक नव्या व्हॉल्यूमला तो इशारा छापला गेला आणि वर सरकून गेला. इथे थ्रेशोल्ड ८५ आणि वाढ ५ टक्के ठेवली. पण ग्रुपमध्ये मोकळी जागा नसेल तर या सेटिंगला काही अर्थ नाही. बांधणी करतानाच जवळजवळ सगळी जागा पूलला देऊन टाकणं ही पहिल्या दिवसाची चूक होती, कारण पूल वाढवणं सोपं असतं, छोटा करणं नाही. म्हणून १.९२ टीबीच्या दोन नव्या एसएसडी रेड-१ मध्ये लावल्या, १,७८८ जीबी, आणि ते ग्रुपमध्ये तसेच मोकळे ठेवले.

त्यावर अजून एक साधा उपाय: पूलच्याच आत १०० जीबीचा एक व्हॉल्यूम 'डीडी' ने शून्यं लिहून पूर्ण भरून ठेवायचा. डीएम-थिन शून्यं ओळखून गाळत नाही, त्यामुळे जागा खरोखर अडते. सगळे उपाय थकले तर तो एका आज्ञेत पुसायचा आणि १०० जीबी हातात. रात्री दोनला हे पिंप उशाशी असणं मोठा आधार असतो.

हीच मांडणी ओपनस्टॅक या क्लाउड प्रणालीच्या सिंडर या डिस्क देणाऱ्या सेवेवर असती तर वेगळं काय झालं असतं? सिंडरमध्ये 'मॅक्स_ओव्हर_सबस्क्रिप्शन_रेशो' मुळात २० असतो आणि 'रिझर्व्ह्ड_पर्सेंटेज' ० असतो. म्हणजे कोणी हात लावला नाही तर ७,१०० जीबीवर १,४२,००० जीबीचे शब्द द्यायला त्याची हरकत नसते. शेड्यूलर शिल्लक जागेला याच गुणोत्तराने गुणतो. १०० जीबी मोकळे असतील तर २,००० जीबीची नवी मागणीसुद्धा, एकूण मर्यादा ओलांडत नसेल तोवर, पास होते. अशा ग्राहकवर्गासाठी गुणोत्तर २ आणि राखीव २० टक्के, ही सुरुवात योग्य. सेफ या अनेक सर्व्हरवर पसरलेल्या साठवण-प्रणालीत मुळात ८५ टक्क्यांवर इशारा येतो आणि ९५ टक्क्यांवर लेखन थांबतं. तिथे भिंत आपल्या आधी दुसऱ्याने घातलेली असते, पण डिस्क यायला लागणारे बारा दिवस तेच.

कमी पडलं तर कोण थांबणार

साक्रीकडे पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांच्या भरवशाचं असतं, पण पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला (शेतांच्या गटाला) मिळणार आणि कोणता कोरडा राहणार हे लाभधारक आधीच ठरवतात, आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी फिरवतो. पाटात पाणी आटल्यावर बांधावर उभं राहून भांडायची वेळ येऊ देत नाहीत. ओव्हरकमिट केलेल्या साठ्यालाही असाच करार लागतो. या यंत्रणेत तो नव्हता, म्हणून १८ नोव्हेंबरला कोण थांबणार हे योगायोगाने ठरलं.

आता तो सेवा-करारात लिहिला आहे. ८० टक्क्यांना डिस्कची मागणी. ८८ ला नवे व्हॉल्यूम, नवे स्नॅपशॉट बंद. ९५ ला ठरलेल्या क्रमाने मशीन थांबवायची: आधी चाचणीची, मग ज्यांनी कमी दराच्या बदल्यात ही अट मान्य केली आहे त्यांची. पतसंस्था मार्चअखेरीस आणि जिनिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या यादीत येणार नाहीत. ४०० जीबी विकत घेतलेल्या ग्राहकाने ४०० भरले तर तो काही चुकीचं करत नाही, हे वाक्यही करारात मुद्दाम घातलं आहे. स्नॅपशॉटला नाव देताना त्यात पुसायची तारीख घालायची आणि सात दिवसांवरचा स्नॅपशॉट सकाळच्या अहवालात वर यायचा, असा नियम केला. सूचना ईमेलने पाठवायच्या नाहीत, थेट फोन वाजवायचा.

एक काम बाकी आहे. एका डाळ मिलचं मशीन जुन्या विंडोजवर आहे, बिलाचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही, आणि त्याच्या ड्रायव्हरमधून डिस्कार्ड खाली पोचत नाही. तिथे 'एसडिलीट -झेड' ने आतली मोकळी जागा शून्यांनी भरायची आणि डिस्क दुसऱ्या साठ्यावर हलवायची. हलवताना शून्यं गाळली जातात आणि जागा सुटते. पण शून्यं भरताना आधी तो व्हॉल्यूम पूर्ण ५०० जीबीपर्यंत फुगतो, म्हणून हे काम हंगामात काढलेलं नाही. जूनपर्यंत हिशोबात त्या मिलचे ५०० जीबी पूर्ण भरलेले म्हणूनच धरले आहेत.